धागा : पावसाची वही आणि खडकाची वही – पोलादपूर ते वाई, एका हौशी निरीक्षकाच्या नोंदी

कातळवाट :

नमस्कार. मी हवामानशास्त्राचा किंवा भूशास्त्राचा विद्यार्थी नाही. गेली काही वर्षे पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर हिंडताना मी दोन वह्या ठेवत आलो आहे. एकीत पावसाच्या आणि ढगांच्या नोंदी असतात, तर दुसरीत रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडींत दिसणाऱ्या खडकांची रेखाटने. या दोन वह्या वेगळ्या ठेवणे ही माझी चूक होती, असे आता वाटू लागले आहे. ती कशी लक्षात आली ते येथे मांडतो. जाणकारांनी दुरुस्त्या सुचवाव्यात, ही विनंती.

ज्या रस्त्यामुळे हा विचार सुचला तो पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, पुढे पाचगणीवरून जातो आणि पसरणी घाटाने वाईला उतरतो. सरळ रेषेत मोजले तर पोलादपूर ते वाई हे अंतर जेमतेम ४५ कि.मी. भरेल. एवढ्या अंतरात पावसाचा आकडा कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मि.मी.च्या वर पाऊस होतो. महाबळेश्वरला तो साडेपाच हजारांच्याही पुढे जातो. तेथून पंधरा कि.मी. पूर्वेला असलेल्या पाचगणीत तो त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि आणखी दहा कि.मी. पुढे वाईत सातशे-आठशे मि.मी.पर्यंत घसरतो. महाबळेश्वरात छत्री उलटीपालटी होत असताना पसरणी घाटाच्या पायथ्याशी स्वच्छ ऊन पडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

याचे कारण शाळेच्या पुस्तकात असते. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते, चढताना थंड होते आणि पाऊस देते. मला मात्र त्यातला हिशेब आवडतो. हवेतली वाफ जोवर घनरूप होत नाही तोवर दर शंभर मीटर चढाईमागे हवेचे तापमान सुमारे एक अंशाने उतरते. जुलैतली हवा मुळातच इतकी दमट असते की काही शे मीटर चढताच ढग जमू लागतो. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडत असल्याने त्यापुढची घसरण निम्म्याच्या आसपास राहते. महाबळेश्वरचे पठार १,३५० मीटरच्या आसपास असल्यामुळे त्या ढगाला पिळले जायला पुरेशी चढण मिळते. वाई त्याहून सुमारे सहाशे मीटर खाली आहे. पलीकडे उतरणारी हवा पुन्हा दबते, तापते आणि ढग विरतो.

आता त्याच रस्त्याची दुसरी वही. दख्खनच्या लाव्हाप्रवाहांचे जे स्तरगट भूशास्त्रज्ञांनी ठरवले आहेत, त्यांतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे तरुण, उपगटाचे नाव ‘वाई’ असे आहे, आणि त्यातल्या तीन प्रमुख स्तरांची नावे खालून वर ‘पोलादपूर’, ‘आंबेनळी’ आणि ‘महाबळेश्वर’ अशी आहेत. ज्या रस्त्यावर पाऊस वाढत जातो, त्याच रस्त्याने आपण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांच्या थरांतून एकेक पायरी वर चढत असतो. या लाव्हाथरांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात; त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे, हे कळल्यावर तर हा रस्ता मला जिन्यासारखाच दिसू लागला.

पायऱ्या तयार होण्याचे कारणही दरडीतच दिसते. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग घट्ट, काळा पाषाण असतो, तर माथ्याचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला असतो. पुढे ती भोके पांढऱ्या खनिजांनी भरून निघतात आणि आपल्याकडे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक तयार होतो. घट्ट पाषाणाचा उभा कडा टिकतो, मांजऱ्या झिजून सपाटी होते आणि त्यावर पुन्हा पुढचा कडा उभा राहतो. लाव्हा जवळजवळ आडवी पसरली म्हणून कडे ताठ राहिले, कडे ताठ म्हणून ढगाला एकदम चढावे लागते, आणि ढग तेथेच रिता होतो म्हणून त्याच कड्यांची झीज सर्वाधिक होते. या साखळीत आधी डोंगर की आधी पाऊस, असे विचारत बसण्यापेक्षा दोन्ही एकाच पानावर लिहावेत हे बरे, असे माझ्या मनाने घेतले.

माझा प्रश्न असा आहे : एवढा पाऊस होऊनही घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांना मार्च उजाडताच पाण्यासाठी वणवण का करावी लागते? उतार हे एक कारण उघड आहे. मला मात्र खडकाच्या वहीत त्याचे अधिक नेमके उत्तर हवे आहे.

पर्जन्यवही :

मांडणी आवडली. आपल्या मूळ प्रश्नाकडे इतर सदस्य वळतीलच, म्हणून मी पहिल्या वहीपुरते बोलतो.

आपण पर्जन्यमापक कोणता वापरता, हे लिहिलेले नाही. घरगुती मापकात दोन चुका हमखास होतात. पहिली चूक जागेची. झाड, भिंत किंवा छप्पर यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असला पाहिजे. मी स्वतः पहिली दोन वर्षे तो एका बदामाच्या झाडाच्या बऱ्यापैकी जवळ ठेवला होता आणि पाऊस थांबल्यावरही माझा पाऊस चालूच असे. दुसरी चूक घाटमाथ्याची खास आहे. तेथे वारा इतका जोराचा असतो की थेंब मापकाच्या तोंडावरून आडवे निघून जातात आणि नोंद खऱ्या पावसापेक्षा कमी येते. त्यामुळे ऐन कड्यावर मापक ठेवण्याचा मोह टाळावा. थोडे आत, पण आडोशात नाही, अशी जागा शोधावी लागते, आणि ती सहजासहजी सापडत नाही.

बाटली आणि नरसाळे वापरत असाल तर हिशेब सोपा आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १० सें.मी. असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ.सें.मी. येते, म्हणजे १ मि.मी. पावसामागे ७.८५ मिलिलिटर पाणी जमा होते. एक लिटरची बाटली १२७ मि.मी.ला भरते. सपाटीवर हे चालून जाईल, पण महाबळेश्वरच्या बाजूला एखाद्या दिवशी ४०० मि.मी. पाऊस झाला तर तीन लिटरहून अधिक पाणी साठवावे लागेल. घाटातल्या हौशी नोंदींमध्ये सर्वांत मोठे दिवसच गायब असतात, कारण त्या दिवशी बाटली ओसंडून गेलेली असते.

वेळेबाबतही एक सूचना आहे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला कोसळलेला ९४४ मि.मी. पाऊस अधिकृत नोंदीत २७ तारखेच्या सकाळचा म्हणून दिसतो. ही बाब माहीत नसल्यामुळे आपली वही आणि सरकारी आकडे एका दिवसाने चुकतात आणि आपण विनाकारण मापकाला दोष देत बसतो. त्याच चोवीस तासांत सुमारे २५ कि.मी.वरच्या कुलाब्याला केवळ ७३ मि.मी. पाऊस झाला होता. तेथे मध्ये कोणताही घाट नव्हता, हे लक्षात असू द्यावे. पावसातला प्रत्येक फरक डोंगराच्या माथी मारता येत नाही.

शंकासूर :

‘पर्जन्यवही’ यांच्या शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन आहे. मूळ लेखाबद्दल माझ्या दोन शंका आहेत.

पहिली अशी की आपण ‘पोलादपूर’, ‘आंबेनळी’, ‘महाबळेश्वर’ हे स्तर रस्त्यावरून चढताना ओळखता येतात असा समज करून देत आहात. माझ्या वाचनाप्रमाणे हे स्तर मुख्यतः रासायनिक घटकांवरून आणि समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, प्रमाणावरून वेगळे केले गेले आहेत. डोळ्यांना तिन्ही काळेच दिसतात. दुसरी शंका, काही वर्षांच्या वहीवरून ‘येथे इतका पाऊस पडतो’ असे म्हणता येत नाही. हवामानाची सरासरी किमान तीस वर्षांची धरतात. सध्या मोसमी पावसाच्या देशव्यापी सरासरीसाठी तर १९७१ ते २०२० असा पन्नास वर्षांचा काळ धरला जातो आणि ती जून ते सप्टेंबर ८७ सें.मी. येते.

कातळवाट :

दोन्ही शंका रास्त आहेत. लेखातले वार्षिक आकडे माझ्या वहीतले नसून दीर्घकालीन सरासरीचे स्थूल आकडे आहेत, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. स्तरांबद्दलही आपले म्हणणे खरे आहे. मी आंबेनळीच्या दरडीपाशी उभा राहून ‘हा आंबेनळी स्तर’ असे म्हणू शकत नाही. मला ओळखता येते ते इतकेच : एक प्रवाह कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, मांजऱ्या कोठे आहे, कोठे खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आहे, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा आहे की नाही. हौशी माणसाला एवढ्यावरही बरेच दिवस काढता येतात.

विहिरीचा_काठ :

मूळ प्रश्नाचे उत्तर त्या विटकरी पट्ट्यापासूनच सुरू करावे लागेल. भूजलाच्या कामाशी माझा काही वर्षे संबंध आला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

घट्ट बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाच्या, पोटात पाणी साठायला जागाच नसते. वाळूच्या दगडात कणांमध्ये पोकळ्या असतात, पण बेसाल्ट वितळलेल्या रसापासून घट्ट झालेला असल्यामुळे त्याच्या कणांमध्ये फट राहत नाही. पाणी साठते ते तीन ठिकाणी : वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगा आणि सांध्यांत, आणि मांजऱ्याच्या विदारित भागात. त्यातही मांजऱ्याची सगळी भोके एकमेकांना जोडलेली नसतात. जिऑलाइटसारख्या पांढऱ्या खनिजाने किंवा गारगोटीने भरलेली भोके तर पाण्याच्या दृष्टीने दगडच. म्हणून भोकांचा खडक दिसला की पाणी मिळेल, हा समज निम्माच खरा आहे. झीज होऊन त्या खडकाला आडव्या भेगा पडल्या असतील तरच विहिरीला झरे लागतात.

आता तो तांबडा पट्टा. आपल्याकडे त्याला गेरूचा थर म्हणतात, तर भूशास्त्रात त्याचे नाव ‘रेड बोल’ असे आहे. एक लाव्हा वाहून गेल्यावर आणि दुसरी येण्यापूर्वी जो काळ गेला, त्या काळात पृष्ठभागाची झीज होऊन किंवा ज्वालामुखीची राख साचून तयार झालेली ती माती आहे. वरून आलेल्या तापलेल्या लाव्ह्याने ती भाजली गेली असेही म्हटले जाते. पण प्रत्येक थराचा उगम एकच असेल असे समजू नये. पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की हा थर चिकणमातीचा असतो, ओला झाला की फुगतो आणि खाली जाणारे पाणी बऱ्याच ठिकाणी अडवतो. अडलेले पाणी आडवे सरकते आणि कड्याच्या तोंडाशी झरा होऊन बाहेर पडते. पावसाळ्यात घाटात एका सरळ ओळीत धबधबे आणि झिरपे दिसतात, ती ओळ कित्येकदा या थराची किंवा मांजऱ्याच्या तळाची असते.

थोडक्यात, घाटमाथ्यावर पाण्याचे भांडे उथळ आहे आणि त्याची कड फुटलेली आहे. जुलैतच ते भरते. त्यानंतर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला वाहून जाण्यावाचून गत्यंतर नसते. पाच हजार मि.मी. पडो की दोन हजार, मुरमाची जाडी दोन-तीन मीटर असेल तर त्यात मावणारे पाणी सारखेच. त्यात दऱ्या खोल असल्यामुळे जे मावले तेही दिवाळीनंतर झऱ्यांवाटे उतरून जाते. याउलट पूर्वेकडच्या सपाट खोऱ्यांत पाऊस कमी, पण मुरूम जाड, उतार मंद आणि वर काळी माती, त्यामुळे विहीर अधिक काळ तग धरते. पाणी किती पडले याचे उत्तर ढग देतो. किती राहिले याचे उत्तर मात्र खडकाकडेच मागावे लागते.

आपल्या पावसाच्या वहीत एक रकाना वाढवावा, असे मी सुचवीन. जवळच्या एका विहिरीची पाण्याची पातळी काठावरच्या एका ठरावीक खुणेपासून दर आठवड्याला टेपने मोजावी. उपसा नसलेली जुनी विहीर मिळाली तर उत्तम. पाऊस आणि पातळी शेजारी-शेजारी लिहिल्यावर भांडे कोणत्या आठवड्यात भरले ते स्वच्छ दिसते.

जांभा :

एक भर घालतो, कारण माथ्यावरच्या सर्वांत वरच्या खडकाचा उल्लेख कोणी केला नाही. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या पठारांवर बेसाल्ट नसून जांभ्याची टोपी आहे. पाचगणीचे प्रसिद्ध टेबललँड जांभ्याचेच आहे. शतकानुशतके पाणी झिरपत राहिल्याने मूळ बेसाल्टमधली सिलिका निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातल्या अशा खडकाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, कारण तो विटेसारखा कापता येत होता, आणि लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात.

जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी भराभर पितो आणि त्याच्या तळाशी असलेल्या पांढुरक्या-जांभळट चिकणमातीवर ते अडते. महाबळेश्वरच्या माथ्यावरचे बरेच झरे या सीमेवर आहेत. म्हणजे ‘विहिरीचा_काठ’ यांनी सांगितलेल्या भांड्यांच्या उतरंडीत हे सर्वांत वरचे भांडे झाले.

मला खरे कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. असा जाड जांभा तयार व्हायला सपाट भूमी आणि दीर्घकाळ भरपूर पाणी लागते. आज पाचगणीचे पठार चहूबाजूंनी तुटलेल्या मेजासारखे उभे आहे. हे तुकडे एका जुन्या सलग भूपृष्ठाचे अवशेष आहेत, हे मत बरेच मान्य आहे. तसे असेल तर तो जांभा होत असताना आजचा कडा आजच्या जागी नव्हता, आणि मग पावसाची आजची विभागणीही तेव्हा नसणार. आपल्या रस्त्यावरचा पावसाचा नकाशा डोंगराच्या मानाने फार तरुण आहे.

शंकासूर :

हे मात्र मला पटले. जाता जाता एक गोष्ट विचारतो. जुनी माणसे पावसाचा अंदाज नक्षत्रांवरून सांगतात. मृगाचा पाऊस, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा गडगडाटी पाऊस. त्यात काही तथ्य आहे काय?

पर्जन्यवही :

अंदाज म्हणून नाही, पण तारखांचे कोष्टक म्हणून जरूर आहे. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावर ठरतात, म्हणून ती दरवर्षी जवळजवळ त्याच इंग्रजी तारखांना येतात. मृग ७-८ जूनला लागते आणि मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. हस्ताच्या पावसात गडगडाट का, याचेही उत्तर सरळ आहे. जुलैतले घाटातले ढग तुलनेने बुटके असतात आणि विजा न करता तासन्‌तास बारीक पाऊस देतात. सप्टेंबरच्या अखेरीस वारे मंदावतात, जमीन तापते आणि उंच ढग उभे राहतात. एक अडचण एवढीच की संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे, ही नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. आपल्या आयुष्यात तो फरक जाणवणार नाही.

उंबरठा :

मी केवळ वाचक आहे, पण ढगांबद्दल चालले आहे म्हणून विचारते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र हे इंद्रधनुष्यच असते काय? आम्हाला ते सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी दिसले होते आणि आमची सावली त्याच्या मधोमध पडली होती.

पर्जन्यवही :

नाही, ते वेगळे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत प्रकाशाचे वक्रीभवन आणि परावर्तन होऊन दिसते आणि त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते. इंद्रवज्र ढगाच्या किंवा धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांवरून प्रकाश मागे फिरताना होणाऱ्या विवर्तनामुळे दिसते आणि त्याची कडी पुष्कळ लहान, काही अंशांचीच असते. त्यासाठी सूर्य पाठीमागे हवा आणि ढग समोर, तुमच्याहून खाली हवा. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा असल्याने मावळतीचा सूर्य समोर येतो. त्यामुळे ते तेथे सहसा सकाळी दिसते, असे मी समजत होतो. आपण संध्याकाळी नक्की कोठे उभ्या होतात?

उंबरठा :

आपले बरोबर आहे. वहीत पाहिले, सकाळचे साडेसात वाजले होते. संध्याकाळी आम्ही पोहोचलो होतो.

कातळवाट :

लिहून ठेवण्याचा फायदा येथेच दिसला. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये याच गडावरच्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सरकारी आकडेवारीच्या कामाने दख्खनभर फिरणारा तो माणूस हवामानाच्या नोंदीही चिकाटीने ठेवत असे.

सर्वांच्या सूचनांवरून यंदा पुढीलप्रमाणे करणार आहे. बाटलीऐवजी पाच लिटरचा कॅन आणि दहा सें.मी.चे नरसाळे घेतो. वाचन सकाळी साडेआठला होईल आणि तारीख त्याच सकाळची लिहिली जाईल. पसरणी घाटाच्या पायथ्याची एक विनाउपसा विहीर पाहून ठेवली आहे. महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्याखालचा एखादा झरा मिळाला तर तो किती सेकंदांत एक लिटरचे भांडे भरतो, हे महिन्यातून एकदा मोजता येईल. ‘विहिरीचा_काठ’ यांना एक विचारायचे आहे : झऱ्याच्या मोजणीसाठी महिन्याचे अंतर फार होईल काय?

विहिरीचा_काठ :

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फार होईल, कारण झरा याच दिवसांत झपाट्याने उतरतो. तेव्हा पंधरवड्याने मोजावे, जानेवारीनंतर महिन्याने पुरेल. प्रत्येक वेळी तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा, आणि आदल्या तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर तशी खूण त्याच ओळीत करावी.